‘पण’च्या अलीकडे

‘माझा काही पूर्वग्रह नाही, पण…’ असं म्हणून आपण पुढे जे बोलतो, तो बहुतेकदा पूर्वग्रहच असतो. पूर्व म्हणजे आधी आणि ग्रह म्हणजे धरणं. पाणिग्रहणात हात धरतात, इथे मत. रोजच्या बोलण्यात मात्र नावड, मतभेद, गैरसमज या सगळ्यालाच हा शब्द चिकटवला जातो आणि त्याची धार जाते. गैरसमज पुरावा दिसला की दूर होतो. पूर्वग्रह पुराव्यालाही पुरून उरतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला: नावं नोंदवायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरी आजही गावात चोरी झाली की नजर आधी पारध्यांच्या पालाकडे वळते. कोणी म्हणेल, अनुभवावरून सावध राहणं हा पूर्वग्रह कसा? सावधपणा माणसाच्या वागण्यावरून असेल तर नाहीच. तो जातीवरून असेल तर आहे. शिवाय तो ‘अनुभव’ तयार कसा होतो, हेही पाहायला हवं. झडती पालांचीच घेतली, तर दप्तरात नावं पालांतलीच येणार. मग तेच दप्तर पुढच्या संशयाला पुरावा म्हणून पुढे केलं जातं, आणि पालातली बाई उघडलेली पेटी पुन्हा भरत बसते.