फाटकाची किल्ली कोणाकडे?

विद्यापीठात पोलीस कधी यावेत, कोणी बोलवावेत आणि त्याचा जाब कोणी द्यावा, हे आंदोलन पेटण्याआधीच ठरलेले असले पाहिजे.

१५ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी दिल्ली पोलीस जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात शिरले. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधातल्या मोर्चाला जवळच्या न्यू फ्रेंड्स कॉलनीत हिंसक वळण लागले होते. दगडफेक झाली होती, बसगाड्या पेटल्या होत्या. दंगलखोरांच्या पाठोपाठ आत गेलो, असे पोलिसांचे म्हणणे. पण हा पाठलाग थेट ग्रंथालयापर्यंत पोचला. अश्रुधुराची नळकांडी फुटली, वाचनकक्षात लाठ्या चालल्या, एका विद्यार्थ्याचा डोळा गेला. पोलिसांनी परवानगी घेतली नव्हती, हे तेव्हाच्या कुलगुरू नजमा अख्तर यांनी जाहीरपणे सांगितले.

बरोबर २१ दिवसांनी, ५ जानेवारी २०२० रोजी, त्याच शहरात जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या वसतिगृहांत तोंडे झाकलेले लोक काठ्या आणि लोखंडी गज घेऊन घुसले. विद्यार्थी संघाच्या अध्यक्ष आइशी घोष आणि प्राध्यापक सुचरिता सेन यांची डोकी फुटली, ३० हून अधिक जण जखमी झाले. आतून मदतीसाठी फोन जात होते आणि पोलीस मुख्य फाटकाबाहेर उभे होते. प्रशासनाने बोलावल्याशिवाय आत कसे जायचे, हा त्यांचा युक्तिवाद. त्या तोंड झाकलेल्यांपैकी एकालाही पुढची कित्येक वर्षे अटक झाली नाही.

एकाच शहराचे एकच पोलीस दल. जिथे परवानगी नव्हती तिथे ते आत गेले. जिथे जीव वाचवायला जायचे होते तिथे परवानगीची वाट पाहत राहिले. नियम ठरलेला नसला की फाटक सत्तेच्या मर्जीने उघडते आणि मर्जीनेच बंद राहते. विद्यार्थी आणि पोलीस यांच्यातला अविश्वास इथूनच सुरू होतो.

विद्यापीठ हा कायद्याबाहेरचा प्रदेश नाही, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. कोणावर हल्ला होत असेल, आग लावली जात असेल, तर पोलिसांनी कोणाच्या पत्राची वाट पाहू नये. पण ठिय्या, घोषणा, वर्गांवरील बहिष्कार, खाणावळीच्या दरांवरून झालेला संप ही विद्यापीठाने स्वतः सोडवायची भांडणे आहेत. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे आणि तो फाटकाच्या आत संपत नाही.

पुण्याने याचा अनुभव घेतला आहे. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षपदी गजेंद्र चौहान यांची नियुक्ती झाल्यावर १२ जून २०१५ पासून विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. ऑगस्टमध्ये २००८ च्या तुकडीच्या अपूर्ण प्रकल्पांचे आहे त्या स्थितीत मूल्यमापन करण्याच्या निर्णयावरून त्यांनी संचालकांना तासन्‌तास घेराव घातला. तो घेराव चुकीचाच होता. कोणालाही खोलीत कोंडून ठेवणे म्हणजे संवाद नव्हे. पण त्यानंतर पोलीस मध्यरात्री आवारात आले आणि पाच विद्यार्थ्यांना घेऊन गेले. ज्यांचा पत्ता वसतिगृहाच्या खोलीसह संस्थेच्या नोंदवहीत लिहिलेला आहे, त्यांना पकडायला मध्यरात्र कशाला हवी? त्या रात्रीने गुन्ह्याचा तपास किती पुढे गेला कोण जाणे, बोलणी मात्र मागे गेली.

घाईने बोलावलेले पोलीस आंदोलन शमवत नाहीत, पसरवतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एप्रिल १९६८ मध्ये पोलिसांनी सुमारे ७०० जणांना अटक केली. त्या धक्क्यातून सिनेट उभी राहिली आणि पोलीस बोलावण्याआधी तिच्या कार्यकारी समितीशी सल्लामसलत करण्याचा नियम झाला. १८ एप्रिल २०२४ रोजी गाझातील युद्धाविरोधात हिरवळीवर तंबू ठोकून बसलेल्या विद्यार्थ्यांना हटवण्यास त्या समितीने संमती दिली नाही. तरीही अध्यक्ष मिनूश शफीक यांनी पोलिसांना बोलावले. शंभराहून अधिक विद्यार्थी पकडले गेले. ते शांत होते, असे नंतर पोलीस अधिकाऱ्यानेच सांगितले. लगेच शेजारच्या हिरवळीवर नवे तंबू उभे राहिले, अमेरिकेतल्या डझनावारी विद्यापीठांत तसेच घडले आणि १२ दिवसांत कोलंबियातली हॅमिल्टन हॉल ही इमारत आंदोलकांनी ताब्यात घेतली. ऑगस्टमध्ये शफीक यांनी पद सोडले.

म्हणून नियम असावा आणि तो पाळलाही जावा. प्राणाला धोका असलेले प्रसंग वगळता पोलिसांना बोलावण्याचा निर्णय कुलगुरूंनी लेखी, कारणासह घ्यावा आणि विद्यार्थी व प्राध्यापकांच्या प्रतिनिधींना आधी विश्वासात घ्यावे. आत येणाऱ्या प्रत्येक पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी दिसावी. ग्रंथालय, वसतिगृह आणि आरोग्य केंद्र येथे बळाचा वापर होऊ नये. बळ वापरलेच, तर ठरलेल्या मुदतीत स्वतंत्र चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांसमोर यावा. हे अशक्य नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात नोव्हेंबर २०११ मध्ये जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी तिखट फवारा मारला, तेव्हा माजी न्यायमूर्ती क्रुझ रेनोसो यांच्या समितीचा अहवाल पाच महिन्यांच्या आत आला. हे टाळता आले असते, असे सांगताना त्याने पोलिसांइतकाच प्रशासनावरही ठपका ठेवला. जामियातील चौकशीच्या मागणीच्या याचिका मात्र दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळल्या.

विद्यार्थ्यांचीही जबाबदारी आहे. हातात दगड आला की मागणी मागे पडते आणि बातमी दगडाची होते. वसतिगृहातल्या सहाध्यायाला दुसऱ्या गटाचा म्हणून मारणारा विद्यार्थी लाठीमाराविरुद्ध बोलण्याचा अधिकार गमावतो. फाटकाबाहेर तासन्‌तास उभा राहणारा शिपाईही बहुधा अशाच एखाद्या घरातून आलेला असतो, जिथे मुलाला शिकवण्यासाठी कर्ज काढले जाते.

पण गाऱ्हाणे मांडायला रीतसर दारच नसेल, तर ते रस्त्यावर येणारच. महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, तरी त्या लांबणीवरच पडत राहिल्या. अठराव्या वर्षी खासदार निवडणाऱ्या तरुणाला आपल्या महाविद्यालयाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, हे खेदजनक आहे. निवडून आलेला प्रतिनिधी असला, तर कुलगुरूंना बोलणी कोणाशी करायची हे तरी ठाऊक असते.

आंदोलन करणारी पिढी बदलते. आवार तेच राहते आणि तिथली एक वाईट रात्र पुढच्या अनेक तुकड्यांच्या आठवणीत उरते. कुलगुरूंच्या दालनापासून ठिय्याच्या जागेपर्यंतचे अंतर बहुतेक विद्यापीठांत चालत दहा मिनिटांचे असते. पोलिसांना बोलावण्याच्या पत्रावर सही करण्याआधी कुलगुरूंनी तेवढे अंतर स्वतः चालून जावे.