इंजिनचे काम करावे की इंजिनच बदलावे?



खानापूर तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र गेल्या आठवड्यात हाती आले. त्यांच्या घरी २००९ सालची बोलेरो मोटार आहे. शेतातील भाजी व काजू बाजारास नेणे, आजारी माणसास बेळगावास पोहोचविणे, लग्नकार्यात नातलगांची ने-आण करणे, ही सारी कामे तिने आजवर विनातक्रार केली. आता मात्र ती निळा धूर ओकते, चढणीला दम टाकते आणि आठवड्यास लिटरभर तेल पिते. गावच्या मिस्त्रीने 'इंजिनचे काम निघाले' असे सांगून पंचाहत्तर हजारांचा अंदाज दिला. शहरातील दुसऱ्या मिस्त्रीने, हे इंजिन भंगारात घाला, पन्नास हजारांत दुसरे आणतो, बसविण्याचे बारा हजार वेगळे, असे सुचविले. थोरल्या मुलाचे म्हणणे असे की, गाडीच विकावी आणि कर्ज काढून नवी घ्यावी. घरधनिणीने तर आपल्या पाटल्या गहाण ठेवण्याची तयारी दाखविली आहे. 'फादर, आपण सांगाल तसे करू,' असे लिहून त्यांनी पत्र संपविले आहे.

पिस्टन आणि बेअरिंग हा धर्मगुरूचा प्रांत नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु पाटल्या गहाण पडू लागल्या म्हणजे प्रश्न केवळ मिस्त्रीचा राहत नाही. शिवाय ज्याला दूरदूरच्या वाड्यांवर जुन्या गाडीने जावे लागते, त्याला मिस्त्रीच्या दुकानी बाकावर बसून पुष्कळ शिकावयास मिळते. तेव्हा जे ठाऊक आहे ते सांगतो.

पत्र वाचताना पहिली गोष्ट मनात आली ती ही की, दोन्ही मिस्त्रींनी इंजिन उघडण्यापूर्वीच निकाल दिला आहे. एकाने दुरुस्तीचा, दुसऱ्याने बदलण्याचा. वस्तुतः निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, एवढेच निश्चित. ते तेल झिजलेल्या पिस्टन रिंगांतून वर चढत असेल, व्हॉल्व्हच्या सिलांतून खाली गळत असेल, किंवा टर्बोचे सील गेल्यामुळे हवेच्या वाटेने आत येत असेल. पहिल्या प्रकारात इंजिन उतरवावे लागते. दुसरी व तिसरी दुरुस्ती त्या मानाने किरकोळ होय. म्हणून प्रथम प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. डिझेल इंजिनात हा दाब चारशे पौंडांच्या आसपास असतो, पेट्रोलच्या इंजिनात दीडशेच्या आसपास. आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांत सारखेपणा आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. तिघांचा दाब चांगला आणि एकाचाच पडलेला असेल, तर सबंध इंजिनच गेले असे म्हणण्याचे कारण नाही. इंजिन चालू ठेवून तेल ओतण्याचे झाकण काढावे. तेथून फस्‌फस्‌ करीत धूर जोराने बाहेर येत असेल, तर मात्र रिंगा व सिलिंडर झिजल्याची शंका बळावते.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न फारसा पडत नसे. अँबॅसडर किंवा फियाट घ्यावयाची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; मग हाती आलेली गाडी टाकून देण्याचा विचार कोण करणार? इंजिन बसले की ते उतरवावयाचे, बोअर करावयाचे आणि पुन्हा चढवावयाचे. कित्येक जीपगाड्यांची पेट्रोलची इंजिने काढून तेथे डिझेलची बसविली गेली, तीही गरज म्हणून. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात अँबॅसडर बनविणे २०१४ साली थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. तोवर या गाड्या टिकल्या, त्याचे बरेचसे श्रेय त्यांच्या ओतीव लोखंडाच्या जाड ब्लॉकला आणि गल्लोगल्ली मिळणाऱ्या सुट्या भागांना दिले पाहिजे.

त्या लोखंडाचा गुण काय? सिलिंडरची भिंत वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झिजते, आणि तीही सारखी झिजत नाही. वरच्या बाजूस, जेथे उष्णता व दाब अधिक, तेथे जास्त झिजते. अशा लंबगोल झालेल्या सिलिंडरात नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. म्हणून लेथवाला सिलिंडर थोडा मोठा कातून पुन्हा गोल करतो आणि त्याच मापाचे मोठे पिस्टन घातले जातात. ही मापे साधारणतः पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशी चढत जातात. याचा अर्थ, चांगला ब्लॉक एकाहून अधिक वेळा कातता येतो. आणि शेवटचे माप संपले, तरी अनेक ब्लॉकांत स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येते. क्रँकचेही तसेच. तो घासून पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक करतात आणि त्या मापाची बेअरिंगे घालतात. या कामात एक नियम कारागिरांत पक्का आहे: पिस्टन आधी आणावे, मग बोअर करावे. पिस्टन हातात नसताना जो सिलिंडर कातून ठेवतो, त्याच्याकडे काम देऊ नये.

तेव्हा आमच्या बंधूंना माझी पहिली विनंती अशी की, पंचाहत्तर हजारांचा सौदा आज करू नये. इंजिन उतरवून उघडण्याची आणि मापे घेण्याची मजुरी तेवढी ठरवावी. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रकामाचे कारखाने थोडे नाहीत. सिलिंडर व क्रँक यांची मापे चांगल्या कारागिराकडून घेऊन ती कागदावर लिहून मागावीत. हेडला तडा आहे काय, हे दाबाने तपासून घ्यावे. मग निर्णय आपोआप स्पष्ट होऊ लागतो. ब्लॉक शाबूत, क्रँक शाबूत, कातण्यास माप शिल्लक, असे असेल तर दुरुस्ती करावी. त्यांच्या गाडीचे २५२३ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन जुन्या धाटणीचे, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे आहे आणि त्याचे भाग खेडोपाडी मिळतात. उलट कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, क्रँकला चीर गेली असेल, किंवा पूर्वीच्या धन्याने सगळी मापे संपवून ठेवली असतील, तर त्या लोखंडावर माया करण्यात अर्थ नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. हेच उत्तर प्रत्येक गाडीस लागू पडेल असे कोणी समजू नये. आपल्याकडे पुष्कळ घरांतून १२४८ घनसेंटिमीटरच्या लहान डिझेल इंजिनच्या गाड्या आहेत. २०२० साली प्रदूषणाचे नवे नियम आले, तेव्हा अशी इंजिने नव्या गाड्यांत येणे थांबले. त्यांत पिस्टन-बोअरचा खर्च एकीकडे, तर इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बो आणि टायमिंग चेन यांचा खर्च दुसरीकडे. ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा जड होऊ शकते. तसल्या गाडीस चांगल्या स्थितीतील सबंध इंजिन मिळाले, तर बदलणे शहाणपणाचे ठरू शकेल. आणखी एक मधला मार्ग म्हणजे 'हाफ इंजिन': ब्लॉक, क्रँक व पिस्टन जोडून तयार येतात, हेड व वरचे सामान आपले जुनेच. कंपनीचे नवे हाफ इंजिन मिळत असेल, तर त्याची किंमत जरूर विचारावी. बहुतेक लोक विचारीतच नाहीत.

आता भंगारबाजारातील इंजिनाविषयी. मुंबईचे कुर्ला किंवा दिल्लीचे मायापुरी येथून अपघातात सापडलेल्या वा मोडीत काढलेल्या गाड्यांची इंजिने देशभर जातात. त्यांत उत्तम मालही असतो, नाही असे नाही. परंतु आपले इंजिन का बिघडले हे आपणांस ठाऊक असते. परक्याचे इंजिन किती धावले, कोणी तापविले, कोणी तेलावाचून चालविले, हे काहीच कळत नाही. वाफेने धुऊन वर चंदेरी रंग दिला की सारी इंजिने सारखीच तरुण दिसतात! म्हणून ते चालू करून, दाब मोजून दाखविल्याखेरीज पैसे देऊ नयेत. त्याहून महत्त्वाची बाब कागदांची. गाडीच्या नोंदणी पुस्तकात चासिस क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत केलेल्या फेरबदलांविषयीच आहे. इंजिन बदलल्यास त्याचे खरेदीपत्र घेऊन परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करवून घ्यावी. चोरीच्या गाडीचे इंजिन नकळत आपल्या दारी आले, तर पोलिसांपुढे उभे राहावे लागेल ते आपल्यालाच. आणि विम्याचा दावा करण्याची वेळ आली, की न जुळणारा क्रमांक आडवा येईल तो वेगळाच.

पैशांचा हिशेब मुलाबरोबर बसून करावा, त्याला बाजूस सारून नव्हे. समजा, नवी गाडी घेण्यास आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांकरिता काढले. महिन्याचा हप्ता सुमारे सतरा हजार होतो आणि पाच वर्षांत व्याजच दोन लाख वीस हजारांच्या घरात जाते. म्हणजे दुरुस्तीचे पंचाहत्तर हजार हे साडेचार हप्त्यांइतके झाले. दुरुस्त इंजिन पाच वर्षे चालले, तर महिन्यास साडेबाराशे रुपये पडतात. बासष्ट हजारांचे परके इंजिन दोनच वर्षे चालले, तर महिन्यास अडीच हजारांहून अधिक. स्वस्त कोणते, हे पावतीवरच्या आकड्याने ठरत नाही. ते किती महिने साथ देईल, यावरून ठरते.

पण मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते नाकारू नये. इंजिन नवे झाले म्हणून गाडी नवी होत नाही. गाडीखाली घोंगडे टाकून आडवे व्हावे आणि चासिसला हातोडीने ठोकून पाहावे. पत्रा गंजून पापुद्रे निघत असतील, तर पंचाहत्तर हजार त्यात घालणे चूक. गोव्याच्या किनाऱ्यावरील खारट हवेत राहिलेल्या गाड्यांची ही गत फार लवकर होते. गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, स्टिअरिंग यांचीही विचारपूस करावी. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २००९ च्या गाडीचे ते झाले नसेल, तर आधी ते होते की नाही हे पाहावे, मग इंजिनास हात लावावा. १ एप्रिल २०२२ रोजी मोटारीचे हे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले, हेही खर्चात धरावे. हे सारे ठीक निघाले, तर पाटल्या गहाण ठेवण्यापूर्वी मिस्त्रीला दोन टप्प्यांत पैसे चालतील काय, असे विचारावे. उघडण्याचे काम आता आणि बोअरचे काम काजूचा पैसा हाती आल्यावर, अशी सोय बहुधा होऊ शकते. उघडलेले इंजिन महिनाभर थांबले तर बिघडत नाही. मात्र सिलिंडर व क्रँक यांना तेल लावून ते झाकून ठेवावे.

ज्या कारणाने पहिले इंजिन गेले, ते कारण शोधल्यावाचून दुसरे बसवू नये, ही गोष्ट मी जरा आग्रहानेच सांगेन. चुलीत जाळ तोच ठेवून नुसते भांडे बदलले, तर तेही करपणारच. रेडिएटर गाळाने बुजला आहे काय? पाण्याचा पंप गळतो काय? हवेची जाळी फाटून धूळ आत गेली काय? आमच्या भागात गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची चाल पडली आहे. ती मला मुळीच पसंत नाही. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य उष्णतेस पोहोचत नाही, तेल दाट राहते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते. तद्वत् पंचाहत्तर हजारांच्या कामात तेलाचा जुना पंप तसाच ठेवून दोन-तीन हजार वाचविणे, हीही भलत्या ठिकाणची काटकसर होय. काढलेले जुने पिस्टन व बेअरिंगे मिस्त्रीकडून परत मागून घ्यावीत. नवे खरोखर घातले की नाही, याचा तो साधा पुरावा असतो.

काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी बेताने हाकावी. पूर्ण ओझे घालू नये, एकाच वेगाने तासन्‌तास पळवू नये, आणि उभी ठेवून उगाच इंजिन गरगर फिरवू नये. रिंगा सिलिंडरच्या नव्या भिंतीशी जुळण्याचा हा काळ असतो. पहिले तेल व फिल्टर या हजार किलोमीटरच्या आतच बदलावे. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात पाहावे; बारीक चकाकी थोडीशी असणारच, पण नखाला लागतील असे कण दिसले, तर गाडी तेथेच उभी करून मिस्त्रीला बोलवावे.