वहीत न लिहिलेले मत

वाचनालयाचा चिटणीस असताना माझ्यापुढे एकदा प्रश्न आला : वाचनकक्ष रात्री ९ पर्यंत उघडा ठेवावा की ७ लाच बंद करावा? मी मोठ्या लोकशाही थाटात टेबलावर वही ठेवली आणि वर पाटी लावली, ‘सभासदांनी आपले मत लिहावे’. पंधरा दिवसांत वही भरली. विजेचे बिल वाढते, ७ लाच बंद करा, असे बहुमत पडले. त्याप्रमाणे केले.

महिन्याभराने रात्री स्टेशनवर गेलो, तो फलाटावरच्या दिव्याखाली दोन ओळखीची मुले पुस्तके उघडून बसलेली.

“अरे, वहीत लिहायचे होते की!” मी म्हणालो.

“कुठली वही, काका? आम्ही कामावरून सुटून आठाला यायचो.”

खरेच होते. कारकून ती वही सहालाच कपाटात ठेवी. लिहिणारी मंडळी दुपारची, बहुतेक पेन्शनर.

पुढे अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाची हकीगत वाचली, तेव्हा कळले की असा गाढवपणा करणारा मी पहिला नव्हे. १९३६ साली अध्यक्षपदाला रूझवेल्ट आणि लँडन उभे होते. साप्ताहिकाने सुमारे १ कोटी पत्रिका टपालाने धाडल्या; २३ लाखांवर परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार, असे छापले. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली!

पत्ते टेलिफोनवाल्यांचे अन् मोटारवाल्यांचे, म्हणजे सुखवस्तूंचे होते, असे कारण सांगतात. पण शिकागोत तर दर तिसऱ्या नोंदलेल्या मतदाराला पत्रिका गेली होती. उत्तर दिले पाचांत एकाने. त्यांत निम्म्याहून अधिक लँडनकडचे. शहराने मात्र रूझवेल्टना दुप्पट मते दिली. ज्यांना बदल हवा होता त्यांनी हौसेने पत्रिका भरल्या, बाकीचे गप्प राहिले. अशी उत्तरे लाखांनी आली, तरी चूक तेवढीच मोठी होते.

मग मी वही मिटली. सभासदांच्या यादीतले दर दहावे नाव काढले आणि भेट होईपर्यंत त्या त्या घरी खेटे घातले. कक्ष पुन्हा ९ पर्यंत उघडा राहू लागला.

ह्या अंकावरही वाचकांची पत्रे येतील. ती आनंदाने वाचीन. पण वाचकांचे मत म्हणून सांगताना न आलेल्या पत्रांची आठवण ठेवीन.