विद्युत वाहने आणि एएम नभोवाणीतील व्यत्यय

विजेवर चालणाऱ्या मोटारींतील यंत्रणेमुळे त्याच मोटारीतील रेडिओच्या एएम पट्ट्यावर खरखर निर्माण होते. हे कारण देऊन काही उत्पादकांनी आपल्या वाहनांतून एएम रेडिओ काढून टाकला आणि त्यावरून अमेरिकेत धोरणविषयक वाद उभा राहिला. आपत्तीच्या वेळी जनतेला सूचना देण्याच्या तेथील व्यवस्थेत एएम केंद्रांचा मोठा वाटा असल्याने हा प्रश्न केवळ श्रोत्यांच्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही.

व्यत्ययाचे कारण

अमेरिकेत एएम प्रसारण सुमारे ५४० ते १७०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात होते. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील केंद्रेही साधारणपणे याच पट्ट्यात येतात. विद्युत मोटारीत बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करण्यासाठी इन्व्हर्टर असतो. त्यातील स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. ही उघडझाप सेकंदाला १०,००० वेळा, म्हणजे १० किलोहर्ट्झने होत असेल, तर तिच्या पटीतील वारंवारतांच्या लहरीही निर्माण होतात. साठाव्या पटीतील लहर ६०० किलोहर्ट्झवर, म्हणजे थेट एएम पट्ट्यात येते.

एएम प्रसारणात ध्वनी हा लहरीच्या उंचीतील चढउतारांच्या रूपाने वाहून नेला जातो. व्यत्ययही हीच उंची बदलतो; त्यामुळे रेडिओ संचाला आवाज आणि खरखर वेगळी करता येत नाही. एफएममध्ये ध्वनी वारंवारतेच्या बदलात साठवलेला असतो आणि उंचीतील चढउतार संच छाटून टाकू शकतो.

तांत्रिक उपाय

मोटारीत रेडिओ ऐकताना व्यत्यय येणे नवीन नाही. पेट्रोल इंजिनातील ठिणगीमुळेही खरखर येत असे. रोधक बसवलेल्या स्पार्क प्लगांनी ती आटोक्यात आणली गेली. विद्युत वाहनांत धातूचे आवरण असलेल्या तारा, विद्युत गाळण्या आणि अँटेनाची योग्य जागा हे उपाय उपलब्ध आहेत. मात्र त्यांमुळे वाहनाचे वजन आणि खर्च वाढतो. टोयोटा, होंडा, ह्युंदाई आदी कंपन्यांनी एएम रेडिओ कायम ठेवला. त्यामुळे खरा प्रश्न उपाय शक्य आहे की नाही हा नसून, त्याचा खर्च कोणी सोसावा हा आहे.

अमेरिकेतील वाद

डिसेंबर २०२२ मध्ये सिनेटर एड मार्की यांनी २० उत्पादकांकडे याविषयी विचारणा केली. बीएमडब्ल्यू, फोर्ड, माझदा, पोलस्टार, रिव्हियन, टेस्ला, फोक्सवॅगन आणि व्होल्वो या ८ कंपन्यांनी विद्युत वाहनांतून एएम रेडिओ काढल्याचे त्यातून पुढे आले. फोर्डने तर पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींतूनही तो वगळण्याचे ठरवले होते. या वाहनांत इन्व्हर्टरच्या व्यत्ययाचे कारण लागू होत नव्हते. घटता श्रोतृवर्ग आणि खर्च हेही निर्णयामागे होते, हे यावरून दिसते. मे २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जिम फार्ले यांनी हा निर्णय मागे घेतला.

त्याच महिन्यात मार्की आणि टेड क्रूझ या परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी प्रत्येक प्रवासी वाहनात एएम रेडिओ बंधनकारक करणारे विधेयक मांडले. डिसेंबर २०२३ मध्ये सिनेटर रँड पॉल यांच्या आक्षेपामुळे ते सर्वसंमतीने संमत होऊ शकले नाही. २०२५ च्या प्रारंभी ते पुन्हा मांडण्यात आले.

दोन्ही बाजू

विधेयकाच्या समर्थकांचा भर सार्वजनिक सुरक्षेवर आहे. राष्ट्रीय इशारा व्यवस्थेतील ७७ नभोवाणी केंद्रे देशातील सुमारे ९० टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचतात आणि त्यांत एएम केंद्रांचे प्राबल्य आहे. मध्यम लहरी भूपृष्ठालगत दूरवर जातात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर पोहोचतात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागातील वीजपुरवठा आणि मोबाइल सेवा कोलमडली, तेव्हा नभोवाणी हा माहितीचा मोठा आधार ठरला.

वाहन उद्योगाच्या मते मोबाइल, एफएम आणि उपग्रह नभोवाणीद्वारेही इशारे मिळतात. म्हणून एका विशिष्ट तंत्रज्ञानाची सक्ती अनाठायी आहे. युरोपात मध्यम लहरींचे महत्त्व आधीच ओसरले आहे. जर्मनीत डॉइचलांडफुंकने ३१ डिसेंबर २०१५ रोजी या लहरींवरील प्रसारण थांबवले.

तथापि मोबाइल आणि एएम यांची तुलना केवळ वापरणाऱ्यांच्या संख्येवर करता येत नाही. मोबाइल सेवेसाठी आपत्तिग्रस्त भागातील मनोरे चालू असावे लागतात. एएमचे प्रक्षेपण केंद्र त्या भागाबाहेरही असू शकते. मोटारीतील रेडिओ तर घरची वीज गेल्यावरही वाहनाच्या बॅटरीवर चालतो. एरवी क्वचित वापरले जाणारे, पण संकटात उपयोगी पडणारे हे साधन राखण्याचा भार उत्पादकाने, ग्राहकाने की शासनाने उचलावा, हा या वादाचा गाभा आहे.