किती पॉइंट केलेस?

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. आज लिहितोय ते मात्र रागाने लिहितोय. रागाचं मूळ माझा मावसभाऊ (इथून पुढे 'दादा') आणि त्याची फॅंटसी बास्केटबॉलची टीम. दादा हा ब्लॉग वाचतो. दादा, वाच आणि खाली कॉमेंट टाक, फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी नाशिक-पुण्याच्या मंडळींसाठी थोडं. फॅंटसी म्हणजे तुमच्याकडचं ते पैसे लावून टीम लावायचं प्रकरण नव्हे. (ते तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदच केलं. तेव्हा काका, मला 'जुगारी' म्हणणं आता थांबवा.) आमची लीग बारा जणांची. ऑक्टोबरमध्ये एनबीएचा मोसम सुरू व्हायच्या आधी सगळे जमतो आणि आळीपाळीने खेळाडू निवडतो. प्रत्येकी तेरा. मग एप्रिलपर्यंत त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत जे काय केलं त्याची बेरीज. दर आठवड्याला एकाशी लढत. लढत नऊ रकान्यांत: पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन पॉइंटवाले बास्केट, फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर. शेवटचा जितका कमी तितका बरा. पैसा नाही. जो शेवटचा येतो त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. गेल्या तीनपैकी दोन वर्षं मिसळ दादाने केली. चांगली करतो, तो मुद्दा वेगळा.

तर मुद्दा असा. नऊ रकाने आहेत. नऊ! आणि दादा, आणि दादासारखे आमच्या लीगमधले निम्मे लोक, यादी पॉइंट्सच्या रकान्यावर लावतात आणि वरून खाली उचलत सुटतात. एका खेळाडूचे हायलाइट्स पाहिले, त्याने कुणाच्या तरी डोक्यावरून डंक मारला, झालं, घेतला. माझ्या टीमकडे बघून हसतात. 'भंगारवाला' म्हणतात मला. असू दे.

माझं म्हणणं साधं आहे: फॅंटसीमध्ये पॉइंट्स ही सर्वात स्वस्त वस्तू आहे. बाजारात कोथिंबीर असते तशी. कुठेही मिळते. बारा तेरे एकशे छप्पन्न खेळाडू आमच्याकडे गेले तरी उरलेल्यांत सामन्याला बारा-तेरा पॉइंट्स करणारा कुणीतरी फुकट पडलेला असतोच. दोन ब्लॉक करणारा पडलेला असतो का? शोधून दाखवा.

आमच्या लीगचाच हिशेब घ्या. एका आठवड्यात एका टीमचे साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे पॉइंट्स होतात. स्टील होतात अडतीस-चाळीस. ब्लॉक पंचवीसच्या आसपास. आता समजा तुम्ही बावीस पॉइंट्सवाल्याऐवजी सत्तावीसवाला घेतलात. आठवड्यात तो साडेतीन सामने खेळला, सतरा पॉइंट्स वाढले. म्हणजे तीन टक्के. त्याऐवजी सामन्याला दीड ब्लॉक जास्त करणारा कुणी घेतलात तर आठवड्याला पाच ब्लॉक वाढले. म्हणजे वीस टक्के! आणि जिंकल्यावर दोन्ही रकान्यांची किंमत एकच. हे चौथीच्या मुलाचं गणित आहे हो. दादा इंजिनियर आहे.

हे शहाणपण मला जन्मतः नव्हतं, हे कबूल करतो. २००५ च्या मोसमात मी इथे विद्यार्थी होतो आणि लॅबमधल्या मंडळींनी मला पहिल्यांदा लीगमध्ये ओढलं. मी कार्मेलो अँथनी घेतला. का? तर टीव्हीवर सारखा दिसायचा. त्याने सामन्याला २६.५ पॉइंट्स केले, मी खूश. शेजारच्या टेबलावरच्या एका शांत मुलाने फीनिक्सचा शॉन मॅरियन घेतला होता. मॅरियनचा शॉट म्हणजे विनोद. बॉल छातीपाशीच कसातरी ढकलून द्यायचा, बघणाऱ्याला वाटावं चुकून हातातून सुटला. त्याच्या टीमचं सगळं कौतुक स्टीव्ह नॅशच्या वाट्याला. पण त्या मोसमात मॅरियनने काय केलं ते बघा: २१.८ पॉइंट्स, ११.८ रिबाउंड, २ स्टील, १.७ ब्लॉक, फील्ड गोल साडेबावन्न टक्के. अँथनीचे रिबाउंड पाचच्या आत, ब्लॉक अर्धा. मी पॉइंट्समध्ये जिंकायचो आणि बाकी सगळीकडे मार खायचो. तो मुलगा एप्रिलमध्ये लीग जिंकला आणि मला इतकंच म्हणाला की तू फक्त पहिला रकाना वाचतोस. वीस वर्षं झाली, अजून टोचतं.

टक्केवारीचं तर लोकांना काहीच कळत नाही. टक्केवारी बघताना प्रयत्न किती ते बघायचं असतं. आंद्रे ड्रमंडचं उदाहरण माझं फार लाडकं. २०१५-१६ मध्ये डेट्रॉइटकडून त्याने सामन्याला १४.८ रिबाउंड घेतले. राक्षसी आकडा. आणि फ्री थ्रो? ३५.५ टक्के. त्या जानेवारीत ह्यूस्टनविरुद्ध तर एकाच सामन्यात तेवीस फ्री थ्रो चुकवले, तो एनबीएचा विक्रम ठरला. आता समजा तुमच्या बाकीच्या टीमने आठवड्यात शंभरपैकी ऐंशी फ्री थ्रो टाकले. छान, ८० टक्के. त्यात ड्रमंडचे अठ्ठावीसपैकी दहा मिळवा. झाले १२८ पैकी ९०, म्हणजे ७० टक्के. एक माणूस तेरा जणांचा रकाना बुडवतो! तोच माणूस सामन्याला एकच फ्री थ्रो घेत असता तर फरकही पडला नसता.

मग ड्रमंड वाईट का? अजिबात नाही. इथेच दादाची आणि माझी खरी भांडणं होतात. ड्रमंड घेतलात तर फ्री थ्रोच्या रकान्यावर सरळ पाणी सोडा, आणि पुढचे खेळाडूही तसेच उंचेपुरे, फ्री थ्रोत कच्चे घ्या. ज्या दोषामुळे लोक त्यांना टाळतात त्या दोषाची तुम्हाला आता किंमतच मोजायची नाही, म्हणजे ते तुम्हाला स्वस्तात मिळाले. दादा काय करतो? ड्रमंडसारखा एक घेतो, शेजारी तीन उत्तम शूटर घेतो, आणि मग 'नशीबच फुटकं' म्हणतो. अरे, तू वांग्याच्या भाजीत श्रीखंड घातलंस! दोन्ही पदार्थ चांगले होते!

खेळाडू 'किती भारी' हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या बाकीच्या बारा जणांत तो काय भर घालतो, हा प्रश्न आहे. रसेल वेस्टब्रुकने २०१६-१७ मध्ये ट्रिपल-डबलची सरासरी राखली, ऑस्कर रॉबर्टसननंतर तेव्हा पहिल्यांदाच. एमव्हीपी झाला. त्याच मोसमात सामन्याला ५.४ टर्नओव्हर आणि फील्ड गोल साडेबेचाळीस टक्के. एका टीमसाठी देव, दुसरीसाठी विघ्न. (टर्नओव्हरची मी स्वतः फारशी पर्वा करत नाही. ज्याच्या हातात बॉल असतो त्याच्याच हातून तो जातो. बाकावर बसलेल्याचे टर्नओव्हर शून्य असतात, म्हणून त्याला का घ्यायचं?)

आणि सामने किती खेळतो ते बघा. कवाय लेनर्ड २०१८-१९ मध्ये टोरॉंटोकडून ८२ पैकी ६० सामने खेळला आणि मग त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. टोरॉंटोने पेढे वाटले असतील. त्याला घेणाऱ्याला बावीस वेळा भोपळा मिळाला.

ह्यावर दादाचं हुकमी वाक्य: "अरे, शेवटी बास्केटबॉल म्हणजे बॉल बास्केटमध्ये टाकणं. बाकी सगळं हिशेबनिसाचं काम." ह्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. खऱ्या सामन्यात शेवटी पॉइंट्सच मोजतात. पण तो बॉल कुणीतरी रिबाउंड केला म्हणून तुझ्या हिरोच्या हातात आला ना? आणि माझे नऊ रकानेही पुरे नाहीत, हे मी आधीच सांगतो. मायकेल लुईसने २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात शेन बॅटियेवर मोठा लेख लिहिला होता. ह्यूस्टनचा हा खेळाडू आकड्यांत साधारणच दिसायचा, पण तो मैदानात असला की त्याची टीम सुधारायची आणि समोरचा हिरो बिघडायचा. त्यातलं बरंचसं आमच्या लीगच्या एकाही रकान्यात येत नाही. म्हणजे नऊ रकाने वाचूनही माणूस निसटतो. मग एकच वाचणाऱ्याचं काय व्हायचं?

आता रागाचं खरं कारण. माझा भाचा चौदाचा आहे आणि शाळेच्या टीममध्ये खेळतो. यंदा तो आमच्या लीगमध्येही आला, आणि त्याने दादाच्या सल्ल्याने झाडून सगळे पॉइंट्सवाले घेतले. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, "मामा, बाकीच्या गोष्टी काय, कुणीही करतं. मी पण करतो."

मी पण करतो! मंडळी, मी ह्या पोराचे सामने बघायला जातो. परवाच्या शनिवारी त्याने दोन पॉइंट्स केले. आणि अकरा रिबाउंड, तीन स्टील, दोन ब्लॉक. मी वहीत लिहून आणले आहेत. शिवाय स्क्रीन लावून शूटरला इतक्या वेळा मोकळं केलं की मी मोजायचं सोडून दिलं. टीम चार पॉइंट्सनी जिंकली. गाडीत बसल्यावर दादा मागे वळून म्हणाला, "काय रे, दोनच?" रविवारी नाशिकहून व्हिडिओवर आजीने विचारलं, "किती पॉइंट केलेस रे बाळा?" पोरगं "दोन" म्हणालं आणि फोन ताईकडे देऊन वरच्या खोलीत गेलं. पुढच्या वर्षी टीममध्ये राहायचं की नाही असा विचार करतोय, असं ताई सांगत होती.

दादा, तुला मी माझी वही दाखवणार आहे. मिसळ कर आणि बस समोर.

आणि आजी, ताई तुला हे वाचून दाखवेलच. तुझ्यावर राग नाही गं, तुला दुसरं काही विचारायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही. पुढच्या रविवारी त्याला रिबाउंड किती ते विचार. शब्द जड वाटला तर 'किती वेळा बॉल पकडून आणलास' असं विचार. तो सांगेल, त्याला वेळ दे.