प्रकाश पाहिला, गाव राहिले

आपल्या मंडळींच्या सहली आता उत्तर ध्रुववृत्तापलीकडे पोचल्या, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु नॉर्वेतील ट्रॉम्सो शहर पाहून आलेल्यांचे बोलणे दोनच प्रश्नांपाशी थांबते : ध्रुवीय प्रकाश दिसला काय, आणि देवमासा दिसला काय? दिसले तर पैसे वसूल, न दिसले तर बुडाले. या हिशेबी दृष्टीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

१७९४ मध्ये शहराचा दर्जा मिळालेले हे गाव ध्रुवप्रदेशाचे महाद्वार. ज्या नोबिलेशी उघड वैर होते, त्याच्याच शोधार्थ रोआल्ड अमुंडसेन १८ जून १९२८ रोजी येथून विमानाने निघाले, ते परतलेच नाहीत. जर्मनांची अजस्र युद्धनौका टिर्पिट्झ १९४४ मध्ये याच शहराजवळ बुडाली. यांपैकी काही आपल्या प्रवाशांच्या कानी पडते काय?

प्राण्यांचेही तेच. येथील ध्रुवीय संग्रहालयात हेन्री रुडी या शिकाऱ्याची कथा आहे; त्याने सातशेहून अधिक पांढरी अस्वले मारली. १९७३ पासून नॉर्वेत त्या अस्वलांना संरक्षण आहे. आज बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण पाठलाग तोच! देवमासे हेरिंग माशांमागे फिरतात. काही हिवाळे ते शहरालगतच्या खाड्यांत आले. पुढे मासळी उत्तरेस सरकली, तसे तेही सरकले. प्रवासी कंपनीच्या वेळापत्रकाशी त्यांनी करार केलेला नाही. पैसे मोजणाऱ्याने अपेक्षा ठेवू नये काय, असे कोणी विचारील. अवश्य ठेवावी, मात्र रानातल्या जिवाकडून हजेरीची नव्हे.

आमची खरी तक्रार याहून खोल आहे. सामी हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेत या शहराचे नाव रोम्सा. अनेक दशके शाळांतून त्यांची भाषा दडपली गेली. नगरपालिकेने सामी भाषेच्या प्रशासकीय क्षेत्रात जावे की नाही, यावरून २०११ च्या निवडणुकीत असा वाद पेटला की नव्या सत्ताधाऱ्यांनी अर्जच मागे घेतला. नॉर्वेच्या संसदेने क्षमा मागितली ती २०२४ मध्ये. नातवंडांच्या तोंडून मायबोली कशी निसटते, हे पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्याहून अधिक कोणास कळावे? तरीही आपण रेनडिअरच्या गाडीत बसून छायाचित्र काढतो आणि ती हाकणाऱ्यास त्याची भाषा विचारीत नाही!

लोकमान्यांनी १९०३ च्या ग्रंथात ध्रुवप्रदेशातील दीर्घ उषेचा विचार तेथे न जाता केला. तो सिद्धान्त आज विद्वानांना मान्य नाही. पण त्यामागची जिज्ञासा खरी होती. त्यांनी न जाता इतके पाहिले, आणि आपण जाऊनही न पाहता परततो. पुढील खेपेस जाणाऱ्यांनी आकाशाकडे जरूर पाहावे. पण आधी शेजारी उभ्या माणसाकडे पाहावे.