आधी खुराड्याची कडी

बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात कुत्र्यांनी कोंबड्या मारल्याची तक्रार झाली की बोलणे थेट कुत्र्यांवर जाते. त्यांना पकडा, लांब नेऊन सोडा, नाहीतर संपवा, असे सुचवले जाते. त्या रात्री खुराड्याला दार होते का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. परसातल्या कोंबडीचा बचाव तिच्या घरापासून सुरू होतो आणि तिथून गावाच्या कचऱ्यापर्यंत जातो. कुत्र्यांचा बंदोबस्त त्यानंतर येतो. आपण हा क्रम उलटा धरतो, म्हणून वर्षानुवर्षे संताप होतो आणि कोंबड्याही जातात.

नुकसान किरकोळ वाटते, कारण ते कुठल्याच दप्तरात नोंदले जात नाही. 2014 साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या पालघर जिल्ह्यात एकीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे पाडे. कोंबडी मात्र दोन्हीकडे आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते, पण ती दाणे, किडे आणि खरकटे वेचून स्वतःचे पोट भरते. तिचा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हातात येतो आणि दवाखाना, एसटीचे भाडे, शाळेच्या वह्या अशा अडीनडीला लागतो. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे 31.7 कोटी भरल्या, म्हणजे 2012 पेक्षा जवळजवळ 46 टक्के जास्त. राज्य सरकारही 25 तलंगा आणि 3 नर असा गट निम्म्या अनुदानावर देत आले आहे. असा गट कुत्र्यांच्या तावडीत सापडला तर एका रात्रीत सगळेच मुद्दल जाते. अंड्यांवर बसलेली खुडूक गेली तर तिच्यासोबत एकवीस दिवसांची ऊब आणि पुढची पिल्लेही जातात.

उपाय ठरवण्याआधी गुन्हेगार ओळखायला हवा. मुंगूस, रानमांजर किंवा ऊदमांजर बारीक फटीतून शिरते आणि बहुतेक वेळा जेवढे खाता येईल तेवढेच नेते. कुत्र्याचे तसे नसते. फडफडणारा पक्षी दिसला की त्याची पाठलागाची वृत्ती चाळवते, भूक असो वा नसो. म्हणून सकाळी अंगणभर पिसे, न खाल्लेल्या आठ-दहा कोंबड्या आणि कुडाखाली उकरलेली माती दिसली, तर ते बहुधा कुत्र्यांचेच काम असते. कुत्रा दोनच वाटांनी आत येतो. एक तर तो ढकलून किंवा फाडून शिरतो, नाहीतर खालून उकरून. बाजारात कोंबड्यांची म्हणून मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी जाड तारेची वेल्डेड जाळी लागते. ती कडेने बाहेरच्या बाजूला हात-दीड हात जमिनीवर आडवी पसरून वर दगड ठेवले की उकरणारा पंजा तिथेच अडतो. जाळी परवडत नसेल तर खुराडे चार खांबांवर कमरेइतके उंच घ्यावे, भिंती कारवीच्या किंवा बांबूच्या घट्ट कुडाच्या कराव्यात आणि दाराला आपोआप न उघडणारी कडी लावावी. रात्री कोंबड्या घरातच किंवा डालग्याखाली घेण्याची जुनी रीत याच शहाणपणातून आलेली आहे.

यावर आक्षेप येतो की कोंबडी कोंडली तर ती चरणार कुठे आणि विकतच्या खाद्याचा खर्च कोणी सोसायचा? आक्षेप रास्त आहे, पण कोंबडी दिवसभर कोंडा असे कोणी म्हणत नाही. धोका सर्वांत जास्त रात्री, पहाटे आणि दिवेलागणीला असतो, कारण तेव्हा कुत्री मोकळी असतात आणि माणसे आत. तेवढा वेळ दार बंद हवे. सकाळी दार थोडे उशिरा उघडले तर आणखी एक फायदा होतो. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घालतात, त्यामुळे ती झुडपात न जाता खुराड्यातच सापडतात. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण सत्य दडवणाऱ्यांसाठी आहे. कोंबड्याला मात्र तांबडे बघायचे असेल तर रात्री झाकूनच ठेवावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक तिखट असतो, आणि तो म्हणजे कुत्रीच संपवली तर एवढा खटाटोप कशाला? कायद्याने हा मार्ग बंद केला आहे. विष घालून जनावर मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा मूळ जागी परत सोडावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे वगळून हेच तत्त्व पुन्हा सांगितले. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. विषाचा घास आधी कोंबडीच टिपू शकते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत अन्न शिल्लक असेल तोवर दुसरी कुत्री येतात. नसबंदी हवीच, पण तिचा परिणाम संख्येवर दिसायला वर्षे लागतात. शिवाय नसबंदी झालेला कुत्राही कोंबडीमागे धावतोच. थोडक्यात, कुत्रा गावात राहणार आहे असे धरूनच खुराडे बांधले पाहिजे.

मग गावाचे काम कोणते? कुत्र्यांचे टोळके जमते ते अन्नाभोवती. बोईसरला जनगणनेने शहर मानले, पण कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या हाती राहिला. कामगारांच्या चाळी, खाणावळी आणि चिकनची दुकाने शहराच्या मापाने वाढली, कचऱ्याची व्यवस्था मात्र गावाच्या मापाचीच राहिली. रस्त्याकडेला टाकलेली आतडी आणि पिसे म्हणजे कुत्र्यांना रोजचे जेवण, आणि त्याच वासाची कोंबडी शेजारच्या परसात फिरत असते. घनकचरा व्यवस्थापनाचे 2016 चे नियम जनगणना शहरांना आणि अधिसूचित औद्योगिक वसाहतींनाही लागू केले गेले. त्यामुळे हे आपल्या कक्षेत येत नाही असे इथे कोणालाच म्हणता येत नाही. पैसा नाही ही सबबही अर्धीच खरी आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला ठरावीक हिस्सा स्वच्छतेसाठीच राखलेला होता.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, कारण तो शेजाऱ्याशी संबंधित आहे. मोकाट म्हटलेली कित्येक कुत्री कोणाच्या तरी ओट्यावर जेवतात. ब्रिटनमध्ये 1953 च्या कायद्याने शेतजमिनीवर कोंबड्यांसह ठरावीक पशुधनाला कुत्र्याने छळले तर मालक दोषी ठरतो. आपल्याकडे बिबट्याने शेळी मारली तर वन विभागाकडे भरपाई मागता येते. शेजारच्या कुत्र्याने दहा कोंबड्या मारल्या तर भांडणापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. पाळलेला कुत्रा रात्री बांधावा आणि त्याने केलेले नुकसान मालकाने भरावे, एवढा ठराव ग्रामसभा करू शकते. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आणि पशुसंवर्धन विभागाने तलंगांचा गट कोणाच्या हाती देण्याआधी एक साधे काम करावे. लाभार्थ्याच्या परसात जावे आणि खुराड्याची कडी एकदा ओढून पाहावी.